फॉरमॅट मारायच्या आधी : लिनक्स डेस्कटॉप अडला तर कुठून सुरुवात करावी

मुंबईत कॉम्प्युटर अडला की दुरुस्तीवाला पाच मिनिटं स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, “फॉरमॅट मारावा लागेल.” आपणही मान डोलावतो, कारण वर्षानुवर्षं तेच ऐकत आलोय. लिनक्सवर आलात की ही सवय सोडा. इथे मशीन अडतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचं कारण स्क्रीनवर किंवा नोंदींमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचलं तर एखाद-दुसऱ्या बदलात काम होतं. फॉरमॅट मारला की ती नोंदही पुसली जाते, आणि मूळ कारण हार्डवेअरमध्ये असेल तर तोच बिघाड महिन्याभरात परत येतो.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घरातली, क्लासमधली, सोसायटीच्या ऑफिसातली चांगली चालणारी मशीन बाद ठरली आणि अनेकांनी त्यांवर लिनक्स टाकलं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं लिनक्स मिंट २२ ची घेतली आहेत. ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तुमच्याकडे उबुंटू असेल तर मेनूंची नावं थोडी वेगळी दिसतील, पण दुरुस्तीचा मार्ग तोच.

कमांडबद्दल एक सूचना. इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, फोनवर कुणाला सांगतो तशा. त्या ‘टर्मिनल’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करायच्या, आणि टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची. ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ. सुडो लिहिलं की पासवर्ड विचारला जातो. मिंटमध्ये तो टाइप करताना चांदण्या दिसतात, उबुंटू २४.०४ मध्ये काहीच दिसत नाही. कीबोर्ड बंद पडलाय असं समजू नका, पासवर्ड पूर्ण टाइप करून एंटर दाबा.

हात लावण्याआधी

स्क्रीनवर जे काही लिहून आलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. शब्द कळले नाहीत तरी चालेल, फोटो काढा. एरर येते आणि दोन सेकंदांत निघून जाते, मग कुणी विचारलं की “काहीतरी इंग्रजीत आलं होतं” एवढंच सांगता येतं. त्याचा कुणालाच उपयोग नसतो.

मग आठवा : शेवटचं व्यवस्थित चालत होतं तेव्हापासून काय बदललं? अपडेट केलं, नवा प्रिंटर लावला, मशीन एका खोलीतून दुसरीकडे हलवलं, लाइट गेली, घरातल्या कुणी काही इन्स्टॉल केलं? बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा या यादीतच सापडतं.

आणि एका वेळी एकच बदल करा. इंटरनेटवर एका प्रश्नाला दहा उत्तरं मिळतात. ती दहाही ओळीने चालवली आणि मशीन सुरू झालं तर कशाने सुरू झालं ते कळत नाही. सुरू नाही झालं तर आता मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता, हेही कळत नाही. जुन्या उत्तरांपासून विशेष सावध राहा. २०१४ सालच्या उबुंटूसाठी दिलेला उपाय आजच्या मशीनवर नुकसान करू शकतो. ‘सुडो आरएम’ ने सुरू होणारी कमांड म्हणजे काहीतरी कायमचं पुसणारी कमांड. ती काय पुसते हे नीट समजल्याशिवाय एंटर दाबू नका.

लाइव्ह पेनड्राइव्ह जपून ठेवा

लिनक्स ज्या पेनड्राइव्हवरून टाकलंत तो पुसून त्यात गाणी भरू नका. तपासणीचं एवढं चांगलं साधन दुसरं नाही. मशीनला पेनड्राइव्ह लावा, सुरू होताना बूट मेनूची की दाबा (मदरबोर्डप्रमाणे एफ८, एफ११, एफ१२ किंवा एस्केप) आणि पेनड्राइव्ह निवडा. डिस्कला अजिबात हात न लावता पूर्ण लिनक्स सुरू होतं.

आता ज्याची तक्रार आहे तेच इथे करून बघा. लाइव्हमध्ये आवाज येतोय, वायफाय चालतंय, स्क्रीन स्थिर आहे? मग हार्डवेअर ठीक आहे, गोंधळ इन्स्टॉल केलेल्या सिस्टीमच्या सेटिंगमध्ये आहे. लाइव्हमध्येही तीच रड असेल तर दोनच शक्यता उरतात : ड्रायव्हर नाही, किंवा वस्तूच खराब आहे. एवढा एक निर्णय झाला की निम्मं काम झालं. मशीन सुरूच होत नसेल तेव्हा फोटो आणि कागदपत्रं याच लाइव्हमधून बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. दुरुस्तीला हात घालण्याआधी ते करा.

सुरूच होत नाही

लोकल कुठे अडकली हे कळलं की बिघाड कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे ते कळतं. मशीनचंही तसंच आहे. ते कुठपर्यंत पोचतं ते आधी बघा : मदरबोर्डचा लोगो, मग ग्रबचा मेनू (काय सुरू करायचं ते निवडायची यादी), मग मिंटचा लोगो, मग लॉगिन, मग डेस्कटॉप.

लोगोही येत नाही, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी. यात लिनक्सचा काही दोष नाही, लिनक्सपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. पावसाळ्यात मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो आणि मशीन बीप देत बसतं किंवा गप्प राहतं. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, आधी धातूच्या भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, रॅम काढा, तिची पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि टक आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

लोगो येतो, पण त्यानंतर डिस्क सापडत नाही असा संदेश येतो. घड्याळही मागच्या कुठल्यातरी वर्षात गेलं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. हा तीन व्होल्टचा बटणासारखा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची) सगळी सेटिंग मूळ पदावर जातात. त्यात बूटची (सुरू होण्याची) पद्धत नव्या यूईएफआयवरून जुन्या लेगसीवर किंवा उलट गेली, तर चांगली डिस्कही मशीनला दिसत नाही. सेल बदला, बायोसमध्ये जाऊन तारीख आणि बूटची पद्धत पूर्ववत करा. हे न करता नव्याने इन्स्टॉल करायला घेतलं तर सगळा डेटा विनाकारण जातो. मला या बिघाडाची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती म्हणूनच.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर थेट विंडोजच सुरू होऊ लागलं, तर लिनक्स गेलं असं समजू नका. बायोसमध्ये बूटचा क्रम बघा. यादीत ‘मिंट’ शोधाल तर सापडणार नाही, कारण मिंटची नोंद तिथे ‘उबुंटू’ या नावाने असते. तिला सगळ्यात वर आणा. नोंदच नसेल तर मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये ‘बूट रिपेअर’ नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यातली शिफारस केलेली दुरुस्ती चालवा.

ग्रबपर्यंत येतं आणि पुढे काळी स्क्रीन, किंवा लोगोवरच अडकतं. अपडेटनंतर झालं असेल तर आधी जुना कर्नल (सिस्टीमचा गाभा) वापरून बघा. ग्रबचा मेनू आपोआप दिसत नसेल तर जुन्या बायोसच्या मशीनवर सुरू होताना शिफ्ट धरून ठेवा, यूईएफआयच्या मशीनवर एस्केप एकदाच दाबा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जा आणि यादीतला आधीच्या आवृत्तीचा कर्नल निवडा. लिनक्स जुना कर्नल लगेच फेकून देत नाही, तो याच प्रसंगासाठी.

एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर काळ्या स्क्रीनचं कारण बहुधा तेच. असं करा :

१. ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर थांबून ई दाबा.
२. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटाजवळ ‘क्वाएट स्प्लॅश’ असं असतं.
३. त्यापुढे एक स्पेस देऊन ‘नोमोडसेट’ लिहा. इंग्रजीत सलग एकच शब्द : एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी.
४. एफ१० दाबा.

हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून तो करताना घाबरायचं कारण नाही. डेस्कटॉप जाडजूड, कमी रेझोल्यूशनचा दिसेल. दिसू दे. ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, शिफारस केलेला एनव्हिडिया ड्रायव्हर निवडा आणि रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट (फक्त मान्य सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. गडबडीत ‘कंटिन्यू’ दाबलं तर ड्रायव्हर बसतो, पण चालत नाही, आणि पुढचे कितीतरी तास त्याच्यामागे जातात.

लाइट गेली आणि नंतर…

पहिल्या पावसात लाइट जाते, येते, परत जाते. डिस्कवर काही लिहिलं जात असताना वीज तुटली की फाइल सिस्टीममध्ये विसंगती राहू शकते. मिंट आणि उबुंटू वापरतात ती ईएक्सटी४ रचना आपल्या बदलांची जर्नल ठेवते, म्हणून बहुतेक वेळा पुढच्या सुरुवातीला सगळं आपसूक सावरतं. कधीकधी मात्र काळ्या स्क्रीनवर ‘बिझीबॉक्स’ आणि खाली ‘इनिटरॅमएफएस’ असं येऊन मशीन थांबतं. दुरुस्तीवाले इथे हमखास फॉरमॅट सांगतात. गरज नसते.

वरच्या ओळी वाचा. त्यात डिस्कच्या कोणत्या भागाला (पार्टिशनला) हाताने ‘एफएसके’, म्हणजे फाइल सिस्टीमची तपासणी-दुरुस्ती, करावं लागेल ते नावासकट दिलेलं असतं. नाव साधारणपणे स्लॅश, डेव्ह, स्लॅश आणि मग एसडीए२ असं काहीतरी. स्पेलिंग लक्षात घ्या : एफ-एस-सी-के. एफएसके, स्पेस, डॅश वाय, स्पेस आणि ते पूर्ण नाव, असं लिहून एंटर दाबा. डॅश वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो. काम संपलं की ‘एक्झिट’ लिहा, मशीन पुढे सुरू होईल.

हे एकदा घडलं तर पावसाच्या नावावर टाका. लाइट न जाताही परत परत घडत असेल तर डिस्क आजारी आहे, तिच्याकडे लेखाच्या शेवटी येतो. आणि ज्या भागात लाइट वारंवार जाते तिथे छोटा यूपीएस घ्याच. नीट बंद करण्यापुरती मिनिटं मिळाली तरी पुरे.

लॉगिन होतं आणि परत लॉगिनवरच येतं

पासवर्ड बरोबर, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा पासवर्ड विचारते. याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्क भरलीय. डेस्कटॉपला सुरू होताना छोट्या फाइली लिहाव्या लागतात, जागाच नसेल तर तो उभा राहत नाही.

लॉगिनच्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. नुसती अक्षरांची काळी स्क्रीन येईल. तिथे नाव आणि पासवर्ड देऊन ‘डीएफ -एच’ चालवा. शेवटच्या रकान्यात नुसता स्लॅश असलेली ओळ बघा. तिथे १०० टक्के असेल तर चोर सापडला. ‘सुडो एपीटी क्लीन’ ने उतरवलेल्या अपडेटच्या फाइली जातात, ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ने जुने कर्नल आणि नको असलेले तुकडे जातात. तेवढ्याने लॉगिन होण्यापुरती जागा मिळते. कंट्रोल-ऑल्ट-एफ७ किंवा एफ१ ने परत ग्राफिक स्क्रीनवर या.

आत गेल्यावर ‘डिस्क युसेज अनालायझर’ उघडून जागा कुणी खाल्ली ते बघा. मिंटवर बऱ्याचदा उत्तर ‘टाइमशिफ्ट’ निघतं. टाइमशिफ्ट सिस्टीमच्या प्रती काढून ठेवतं, फार उपयोगी आहे, पण रोजच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या अशा सगळ्या प्रती ठेवायला सांगितल्या तर छोटी एसएसडी भरून जाते. दोन-तीन प्रती पुरेत. टाइमशिफ्ट मुळीच बंद करू नका. एखाद्या अपडेटने मशीन बिघडलं तर लाइव्ह पेनड्राइव्हमधून टाइमशिफ्ट उघडून कालच्या स्थितीला जाता येतं. फक्त एवढं पक्कं ध्यानात ठेवा की ते सिस्टीम जपतं. तुमचे फोटो आणि हिशेबाच्या फाइली त्यात धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचा.

इंटरनेट नाही

वायफायच दिसत नसेल तर आधी फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन असेल तर यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. नेट मिळालं की ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. ब्रॉडकॉमच्या कार्डाचा ड्रायव्हर बहुधा तिथेच मिळतो. स्वस्त यूएसबी डोंगलमध्ये रिअलटेकची चिप असते. त्यातल्या काही कर्नलला ओळखू येतात, काहींना वेगळा ड्रायव्हर लागतो. ‘एलएसयूएसबी’ ही कमांड चिपचं नाव सांगते. शोधताना डोंगलच्या खोक्यावरचं नाव देऊन उपयोग नाही, चिपचं नाव द्या.

वायफाय जोडलेलं दिसतं पण साइट उघडत नाहीत, तेव्हा ‘पिंग ८.८.८.८’ चालवा, अंक अर्थात इंग्रजीत. उत्तरं येत असतील तर लाइन ठीक आहे, नावाचा पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरा. उत्तरंच येत नसतील तर फोनही त्याच वायफायवर लावून बघा. फोनवरही नेट नसेल तर राउटर किंवा केबलवाल्याची लाइन बंद आहे, मशीनला हात लावू नका. इमारतीतल्या काही केबलवाल्यांच्या लाइनला आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागतं, काहींना पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन होणारी जोडणी) लागतं. राउटर नसेल आणि केबल थेट मशीनमध्ये असेल तर नवीन कनेक्शनमध्ये ‘डीएसएल’ निवडून त्यांनी दिलेलं नाव आणि पासवर्ड तिथे भरायचा.

आवाज

यात फार खोलात जायला नको. मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर आवाज तिकडे जातो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुट बदला. तिथे योग्य पर्याय दिसत नसेल तर ‘पावूकंट्रोल’ इन्स्टॉल करून त्याच्या ‘कॉन्फिगरेशन’ भागात ॲनालॉग प्रोफाइल निवडा. जोडणी करून घेतलेल्या मशीनमध्ये पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डला जोडायची राहून गेलेली असू शकते, म्हणून हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा.

प्रिंटर

नेटवर्कवर चालणारे अलीकडचे प्रिंटर बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय आपोआप यादीत येतात. त्रास देतात ते आपल्याकडचे टिकाऊ जुने लेझर. एचपी लेझरजेट १०२० बंद केला की स्वतःचं फर्मवेअर विसरतो, दर वेळी मशीनने ते त्याला पाठवावं लागतं. त्यासाठी ‘एचपी-प्लगइन’ ही कमांड एकदा चालवा, नेट चालू असू द्या. कॅननच्या एलबीपी २९०० ला कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा समजते. लिनक्सचे सर्वसाधारण ड्रायव्हर ती बोलत नाहीत, त्यामुळे यादीतून भलतंच मॉडेल निवडून काही होणार नाही, कॅप्टचाच ड्रायव्हर लागतो. सोसायटीच्या ऑफिसात दुसरा प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर लिनक्सवर चालतो का ते खरेदीच्या आधी बघा.

प्रिंट अडकली तर एकच कागद दहा वेळा पाठवू नका. प्रिंटरची रांग उघडा, सगळी कामं रद्द करा. प्रिंटर ‘पॉज्ड’ दाखवत असेल तर ‘रिझ्यूम’ करा. ब्राउझरच्या पत्त्यात ‘लोकलहोस्ट’, मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि ६३१ लिहिलं की छपाई सांभाळणाऱ्या कप्सचं पान उघडतं. प्रिंटर का थांबला ते तिथे लिहिलेलं असतं.

मराठी

या भागात मराठी माणसाला सर्वांत जास्त अडतं आणि इंग्रजी मार्गदर्शकांत याबद्दल ओळही नसते, म्हणून जरा सविस्तर.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’ मध्ये जा आणि मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट हा भारत सरकारचा प्रमाण आराखडा आहे. शिकायला चार दिवस जास्त लागतात, पण एकदा बोटांत बसला की कोणत्याही मशीनवर तोच चालतो. माझं मत विचाराल तर नव्याने शिकणाऱ्याने तोच शिकावा. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर यादीत ‘कगप’ नावाचा फोनेटिक पर्याय आहे. इंग्रजी अक्षरांत शब्द लिहून मराठी हवं असेल तर आयबस आणि त्याचा एम१७एन हा भाग इन्स्टॉल करा, त्यात मराठी आयट्रान्स मिळतं. आयबस टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत या. तेवढं न केल्यामुळेच अनेकांना ते चालत नाही असं वाटतं.

‘कैऱ्या’, ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र येत नाही ही कायमची तक्रार. साध्या र ला हलन्त आणि य जोडला की ‘र्य’ होतो, ‘सूर्य’ मधला. आपल्याला हवा तो टिंबवाला ऱ. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून जे दाबल्यावर येतो, मग हलन्त, मग य.

जोडाक्षरं फुटलेली किंवा चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. फाइल उतरवा, डबल क्लिक करा, ‘इन्स्टॉल’ दाबा. लिबरऑफिसमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर तसाच राहत असेल तर त्याचं कारण वेगळं आहे. ते देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या वेगळ्या गटात धरतं. ऑप्शन्समध्ये भाषांच्या भागात तो पर्याय चालू करा, मग मराठीचा फॉन्ट आणि आकार स्वतंत्र ठरवता येतो.

आता जुन्या फाइली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून करून घेतलेली पत्रं, अहवाल, लग्नाच्या याद्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नाही. श्रीलिपी, सुरेख, कृतिदेव या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. म्हणजे फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरंच आहेत. त्यावर युनिकोड फॉन्ट लावून काही होत नाही. तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये बदलावा लागतो, आणि त्यासाठी मूळ फॉन्टचं नाव माहीत असावं लागतं. फॉन्टच्या खोक्यात ते अजूनही दिसतं. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात.

अपडेट अडलं

‘कुड नॉट गेट लॉक’ असा संदेश आला तर पाच-दहा मिनिटं थांबा. मागे दुसरं अपडेट चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती लॉकची फाइल पुसा असं सांगणारे सल्ले खूप मिळतात, ते ऐकू नका. दोन अपडेट एकदम चालली तर सिस्टीम अर्धवट राहते. अपडेट चालू असताना लाइट गेली असेल तर पुढच्या वेळी ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असा संदेश येतो आणि काय चालवायचं ती पूर्ण कमांड त्याच वाक्यात दिलेली असते. ती जशीच्या तशी टाइप करा. उरलेलं ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ने मार्गी लागतं.

हँग झालं

लगेच पॉवरचं बटण धरू नका. माऊस हलतोय पण काही उघडत नाही, तर मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एस्केप दाबा. डेस्कटॉप नव्याने उभा राहतो, उघडलेले प्रोग्रॅम तसेच राहतात. त्यानेही नाही झालं तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने काळ्या स्क्रीनवर जाऊन लॉगिन करा आणि ‘टॉप’ चालवून मशीन कोण खातंय ते बघा. तेही बंद असेल तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून ठेवून एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबा. पहिल्याने डिस्कवरचं लिहिणं पूर्ण होतं, दुसऱ्याने डिस्क वाचण्यापुरती उघडी राहते, तिसऱ्याने रीस्टार्ट होतं. बटण धरून बंद करण्यापेक्षा हे डिस्कसाठी कितीतरी सुरक्षित आहे.

चार जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले की हँग होणारच. तिथे सिनॅमनऐवजी मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, आणि जमलं तर रॅम वाढवा.

नोंदी वाचायच्या कशा, मदत मागायची कशी

‘जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर’ ही कमांड मागच्या वेळी मशीन चालू असतानाच्या चुकांची यादी देते. बी नंतरचा डॅश एक म्हणजे याच्या आधीची खेप. लाल ओळी दिसल्या म्हणून दचकू नका, निरोगी मशीनवरही काही असतातच. मशीन ज्या वेळी अडलं त्या वेळेच्या आसपासच्या ओळी बघा आणि त्यातलं एक वाक्य उचलून शोधा.

कुणाला विचारायचं असेल तर मिंटमध्ये ‘सिस्टीम रिपोर्ट्स’ उघडा. मशीनची पूर्ण माहिती तिथे एका बटणावर कॉपी होते. ती, एररचा फोटो, शेवटचा बदल आणि लाइव्ह पेनड्राइव्हवर काय झालं, एवढं दिलंत तर उत्तर लवकर येतं. लिनक्स मुळातून शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल हे व्हिडिओ-पाठ मोफत आहेत आणि त्यात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत.

डिस्क आजारी असेल तर

‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम उघडा, डिस्क निवडा, मेनूतून ‘स्मार्ट डेटा’ बघा. जुन्या फिरत्या डिस्कवर ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे शून्य असायला हवेत. पेंडिंगचा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर फाइल सिस्टीम दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, सगळं सोडून आधी बॅकअप घ्या.

नवी एसएसडी घ्यायला लॅमिंग्टन रोडला जात असाल तर ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, फक्त रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. निघण्याआधी ‘सुडो इन्क्सी -एम’ चालवा, एम मात्र मोठं लिहा, आणि मदरबोर्डच्या मॉडेलचा फोटो काढून घ्या. दहा वर्षं जुन्या बोर्डावर एम.२ ची खाच नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी लागेल, आणि तिच्यासोबत साटाची केबल मागून घ्या, ती खोक्यात येत नाही.